ओल कुठून येते

माझा मामा आयुष्यभर वर बघत जगला. तो काही फार मोठ्या विचारांचा माणूस होता अशातला भाग नाही. तो छतं रंगवायचा. भिंती रंगवणारे पैशाला पासरी मिळतात, पण छताला हात घालायला कुणी राजी नसतं. मान मोडते, डोळ्यांत रंग पडतो, आणि एवढं करून घरमालक वर ढुंकूनही बघत नाही. मामाने नेमकं तेच काम धरलं आणि सोडलं नाही. त्याचा भागीदार भिंती करायचा. त्यामुळे धंद्यात मामाला सगळे 'वरचे' म्हणत आणि भागीदाराला 'खालचे'. 'वरच्यांना विचारून सांगतो,' असं खालचे फोनवर म्हणाले की नवं गिऱ्हाईक जरा वेळ गप्पच व्हायचं.

मी या मामा-मामीकडेच वाढले. आईची नोकरी फिरतीची होती, म्हणून मला इथे ठेवलं ते कायमचंच. आता मी चष्म्याच्या दुकानात असते, लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते आणि वाचता आली नाहीत की मनातल्या मनात चिडते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली रस्त्याला लागून मामीचं दुधाचं दुकान. दिवसभराच्या दुधावरची साय संध्याकाळी एका स्टीलच्या डब्यात घालून मामी वर आणायची. आमच्या घरात ताप आला तर साय, परीक्षा असली तर साय, आणि कुणी रडलं तर सायीवर साखर. मामीच्या हिशेबी जगातलं प्रत्येक दुखणं हे कमी खाल्ल्याने होतं. मला सर्दी झाली तरी ती आधी माझं मनगट चाचपून बघायची.

मामाचं दुखणं सुरू झालं ते जिन्यावर, आणि ते आम्हाला कळलंच नाही. प्रत्येक मजल्याच्या वळणावर तो थांबायला लागला आणि तिथल्या रंगाला नावं ठेवायला लागला. "हा निळा कुणी मारला असेल? भेगांत लांबी न भरताच हात फिरवलाय." वरच्या वळणावर पुन्हा, "इथे बघ, ब्रशाचे केस चिकटलेत." आम्हाला वाटलं, म्हातारपण जवळ आलं, माणूस किरकिरा झाला. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मामा, हा रंग मी शाळेत होते तेव्हापासून असाच आहे, आज काय त्याचं?" तो हसला आणि कठड्याला धरून उभा राहिला. एके दिवशी त्याने एकाच वळणावरच्या एकाच डागाला दोनदा नावं ठेवली, तेव्हा कुठे मामीने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचे ओठ काळसर पडले होते.

एक्स-रेमध्ये उजवी बाजू अर्धी पांढरी दिसत होती. फुप्फुसाच्या बाहेर, बरगड्यांच्या आत पाणी साठलंय, असं डॉक्टर म्हणाले. पाठीतून सुई घालून त्यांनी ते काढलं. पिवळसर होतं, थोडं गढूळ. सुई निघता निघता मामाला भोवळ आली आणि दुपारचं सगळं जेवण डॉक्टरांच्या बुटांवर पडलं. तिथली सिस्टर म्हणाली, "पुढच्या वेळी रिकाम्या पोटी आणा." पुढची वेळ येणार आहे हे तिला कसं ठाऊक, असा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता, पण मी बूट पुसत होते.

पाणी काढल्यावर मामा एकदम मोकळा झाला. घरी येताना जिन्यावर कुठेही थांबला नाही. मामीने लोणी थापलेला पाव आणि वाटीभर साय पुढे ठेवली, ती त्याने चाटूनपुसून संपवली. आम्ही तिघंही हसत होतो. तीन आठवडे झाले नसतील तोच त्याने पुन्हा निळ्या रंगाला नावं ठेवली.

तिथून पुढचं वर्ष कसं गेलं ते मला क्रमाने सांगता येत नाही, कारण त्याला काही क्रमच नव्हता. पहिले डॉक्टर म्हणाले टीबी. पाण्यातल्या पेशी तशा दिसतात म्हणे. गोळ्या सुरू झाल्या, मामाला लघवी शेंदरी व्हायला लागली, आणि तो म्हणाला, "बघ, रंगाऱ्याचं औषधसुद्धा रंगीत." पाणी पुन्हा आलं. दुसरे म्हणाले हृदय. हृदयाचे फोटो निघाले, हृदय ठणठणीत. तिसऱ्यांना यकृताचा संशय आला आणि त्यांनी मामीला विचारलं, हे किती पितात. मामी म्हणाली, "अर्धा लिटर." डॉक्टर चमकले. "दूध," मामी म्हणाली. चौथ्यांनी रंगाच्या वासावर आणि जुन्या गिलाव्याच्या धुळीवर बोट ठेवलं, तेव्हा खालचे काळजीत पडले. "मग मला का नाही झालं? धूळ तर वरून खालीच येते ना." 

आणि दर वेळी तो एक शब्द टेबलावर यायचा. कॅन्सर. पाण्यात त्याच्या पेशी सापडल्या नाहीत, पण सापडल्या नाहीत याचा अर्थ नाहीत असा होत नाही, असं सगळे म्हणायचे. मी एकदा भडकले. म्हटलं, "म्हणजे आहे की नाही?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तेच शोधतोय." माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला मी असं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मामाची गिऱ्हाइकांना सांगायची एक ठरलेली गोष्ट होती. छताला ओलीचा डाग पडला की लोक त्याला बोलवायचे, खरवडा आणि रंगवा म्हणायचे. मामा म्हणायचा, "ओल दिसते तिथे गळती नसते. पाणी कुठल्या कुठे फुटतं आणि वाट काढत भलतीकडे येतं. आधी पाइप शोधा, मग मला बोलवा." एकदा पाठीत सुई असतानाच तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसता डाग खरवडताय." डॉक्टर हसून म्हणाले, "पाइपच शोधतोय हो. तुमच्या घराचा नकाशा जरा अवघड आहे." दोघांचं छान जमलं. मला मात्र हसू आलं नाही.

मामीचा नकाशा सोपा होता. अंगातून एवढा रस काढून घेतला, तर तो परत भरायला नको का? म्हणून पाणी काढून घरी आणलं की ती कंबर कसायची. दूध, साय, लोणी, पुन्हा दूध. छाती रिकामी असेपर्यंत मामाही आवडीने खायचा. मग छाती भरत यायची, घास उतरेनासा व्हायचा, शेवटचे चार-सहा दिवस तो पेज आणि कोऱ्या चहावर काढायचा. त्यात सिस्टरचं ते रिकाम्या पोटाचं वाक्य. आमच्या घरात हॉस्पिटलचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे सुईच्या आदल्या दिवसापासून मामी त्याला पाण्याशिवाय काही द्यायची नाही. म्हणजे डॉक्टरांकडे जाताना माणूस उपाशी, आणि परत आला की त्याच्यावर लोण्याचा मारा. एवढं खाऊन तो वाळतच चालला होता. गळ्याखालची हाडं वर आली, पँटला खालच्यांनी दोरी बांधून दिली. मामी साय वाढवत गेली. पाणीही आता लवकर लवकर यायला लागलं. भांड्याला भोक असावं तसं सगळं चाललं होतं, आणि भोक कुठे ते कुणालाच दिसत नव्हतं.

शेवटी त्याला मोठ्या हॉस्पिटलात घातलं. तिथे बरगड्यांमधून एक नळी घालून खाली जमिनीवर बाटली ठेवली. मामा पेजेवरच होता, आणि पाणी आपोआप त्या बाटलीत यायचं. पिवळसर, कोऱ्या चहासारखं. मामा उताणा पडून वॉर्डाच्या छताकडे बघायचा. "रोलरच्या रेघा दिसतायत," तो म्हणाला. "दुसरा हात मारलाच नाही. मला बरं वाटलं की यांना सांगतो, मी करून देतो." बोलताना मध्ये दोनदा दम घेतला.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की भूल देऊन छातीत कॅमेरा घालू, आतल्या आवरणाचा तुकडा काढून तपासू, आणि त्याच वेळी एक पावडर फवारून दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटवून टाकू. कारण सापडो न सापडो, पाणी साठायला निदान जागा उरणार नाही. मी विचारलं, धोका किती? ते म्हणाले, अंगात काही राहिलेलं नाही, भूल कितपत सोसेल सांगता येत नाही. नाही केलं तर? नाही केलं तर हे असंच चालू राहील आणि एक दिवस पाणी काढणं सोसण्याइतकीही ताकद राहणार नाही. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मामा जाणार. इतके दिवस मी चिडत होते, म्हणून भीती वाटायला सवड मिळाली नव्हती.

ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. तोंडात काही घालायचं नाही, अशी पाटीच खाटेला लावली होती. सकाळची वेळ टळली. कुणीतरी अपघाताची केस आली म्हणे, थांबा. आणखी एक आली, आणखी थांबा. मामाचा चेहरा कागदासारखा झाला होता. मामी खाटेजवळ स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी. दर थोड्या वेळाने ती मला विचारायची, "रिकाम्या पोटी कापायला नेतात का गं माणसाला?" मी म्हणायचे, "हो, तसंच असतं." शेवटी मी औषधं आणायला खाली गेले.

परत आले तेव्हा दोघंही भिंतीकडे बघत होते. अशी तोंडं मी शाळेच्या वर्गातच पाहिली आहेत. मामाच्या मिशीला पांढरं लागलं होतं. मी मामीची पिशवी उघडली. सायीचा डबा रिकामा. तळाला साखरेचे दोन-चार कण.

"अगं मामी, भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते. माणूस जातो त्याने."

"भुकेनेही जातो," मामी म्हणाली. मग हळू आवाजात, "त्यांनीच मागितलं गं. इतके दिवस काही मागितलं नव्हतं."

मामा छताकडे बघत म्हणाला, "चांगली होती. आता न्यायचं तर न्या."

मी जाऊन सिस्टरला सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं. ऑपरेशन रद्द, उद्यावर. भूल देणारे डॉक्टर येऊन सगळ्या वॉर्डासमोर बोलून गेले. शिकलेल्या भाचीलाही एवढं कळू नये का, असं मलाही ऐकवलं. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला रागवावं की जवळ घ्यावं, मला कळेना. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

दुपार कलली असेल. सिस्टर मामाच्या खाटेजवळून जाताना थबकली. वाकून खाली बघितलं आणि ताठ उभी राहिली.

"मावशी, बाटलीत दूध कुणी ओतलं?"

आम्ही वाकलो. नळीतून पांढरं उतरत होतं. दाट, शुभ्र. बाटलीतल्या पिवळ्या पाण्यात ते ढगासारखं पसरत होतं, आणि आमच्या देखत सगळी बाटली पांढरी झाली.

"मी कशाला ओतू?" मामी म्हणाली.

"सकाळी डबा कुणी आणला होता?"

"तोंडात दिलं मी. बाटलीत नाही."

"मग हे आलं कुठून?"

 मामीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. अन्ननलिकेला भोक पडलंय. गिळलेलं सगळं सरळ छातीत उतरतंय. म्हणजे आम्ही वर्षभर दूध पाजत होतो ते पोटात जातच नव्हतं. मामा तेवढा निवांत होता. तो मान वळवून खाली बघायचा प्रयत्न करत विचारत होता, "काय झालं? कुठला रंग आला?"

एवढ्यात खालचे आले. हातात केळी, डोळ्यांना चष्मा नाही. त्यांनी बाटली पाहिली आणि विचारलं, "हा डिस्टेंपर इथे कुणी ठेवला?" कुणीच हसलं नाही, तेव्हा ते केळी घेऊन तसेच उभे राहिले.

बाटली तशीच होती. थोड्या वेळाने मामी खाली बसली, बाटलीच्या पातळीला डोळे नेऊन. मग माझा हात घट्ट धरला. "बघ," ती म्हणाली. "वर साय धरलीय." खरोखरच धरली होती. वर एक पिवळट, जाडसर थर, तिच्या पातेल्यांवर धरतो तसा. मी इतकी वर्षं ती साय खाल्ली, पण आता मी नजर दुसरीकडे फिरवली. मामीने हात सोडला नाही.

एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. सिस्टर तक्रार सांगत होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बाटलीसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग मामीला विचारलं, "यांनी काय खाल्लं होतं? कधी?"

मामीला वाटलं, पुन्हा चौकशी. "काही नाही. दोन घास."

"डबाभर साय," मी म्हटलं. "सकाळी."

ती मुलगी उठली आणि चालत जायच्या वेगाने निघून दरवाज्यापासून पळत गेली.

संध्याकाळपर्यंत बाटलीतलं तपासून झालं होतं आणि मोठे डॉक्टर मामाच्या खाटेवर, पायाशी, चक्क बसले होते. त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांचे शब्द मला अजूनही उच्चारता येत नाहीत. आपण जे तूप-लोणी खातो, ते म्हणे इतर अन्नासारखं सरळ रक्तात जात नाही. त्याची एक वेगळी, बारीक नळी असते. ती पोटाच्या मागून निघते, कण्याला धरून छातीतून वर चढते आणि गळ्याच्या तळाशी रक्तात रिकामी होते. तिच्यातून जातं ते दुधासारखं पांढरं असतं. मामाची ती नळी कुठेतरी फाटली होती. जे रक्तात जायचं ते छातीत ठिबकत होतं. स्निग्ध खाल्लं की धो धो, उपाशी असला की थोडं, पिवळं, साध्या पाण्यासारखं.

"आणि पहिली वेळ सोडली तर आम्ही तुम्हाला दर वेळी उपाशीच पाहिलं," ते म्हणाले. "पाण्यात चरबी आहे का ते बघायला हवं होतं. आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. हे फार क्वचित असतं."

"पाइप सापडला म्हणायचा," मामा म्हणाला.

"पाइप सापडला. फुटला कशाने ते नाही. पडला होतात कधी? पाठीला मार?"

"छे."

खालचे खोकले. मामाने त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा खोकले आणि केळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सांगून टाक रे," मामा म्हणाला.

झालं होतं असं. गेल्या वर्षी एका वाचनालयाच्या घुमटाचं काम होतं. जेवण झाल्या झाल्या, मामीनेच पाठवलेलं भरपेट जेवण, मामा परांचीवर चढला. घुमटाचा मधला भाग हाताला येईना म्हणून मागे वाकला, आणखी वाकला. फळी सरकली. तो पडला नाही. कठड्यावर पाठ टेकून उलटा, कमानीसारखा लोंबकळला, डोकं खाली, हातात ब्रश. खालच्यांनी चढून ओढून घेतला. पाठीत काहीतरी कट् झालं, असं मामा तेव्हा म्हणाला होता. मग दोघांनी चहा घेतला आणि ठरवलं, घरी बोलायचं नाही. कळलं असतं तर मामीने शिडीच जाळली असती.

"म्हणजे तेच कारण," मी म्हटलं. इतक्या महिन्यांनी एक तरी गोष्ट सरळ हाताला लागली, असं मला वाटलं.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "नसेलही. ही नळी कधी कधी नुसत्या जोराच्या खोकल्याने फाटते. कधी काहीच सापडत नाही. ठाम सांगता यायचं नाही."

माझा चेहरा पडला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "पण आता काय करायचं ते ठाऊक आहे. उद्याचं ऑपरेशन नको. आधी तिच्यातून काही वाहूच द्यायचं नाही. तूप, लोणी, दूध, तेल, सगळं बंद. कोरडी राहिली तर बहुतेक वेळा आपली आपण बुजते. नाहीच बुजली तर मग बांधू."

 आता मामीने विचारलं, "म्हणजे मी जे घालत होते, ते..."

 "तुम्हाला कसं कळणार होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. पण मामी काही बुद्दू नाही. तिने 'नाही' ऐकायला विचारलं होतं, आणि 'नाही' आलं नाही. ती उठली, रिकामा डबा घेतला आणि वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन धुवायला लागली. दुपारीच धुतलेला डबा होता. ती कितीतरी वेळ धूत होती, आणि आमच्यापैकी कुणीही उठून नळ बंद केला नाही.

पुढचे काही दिवस मामाला तोंडाने काहीच दिलं नाही, सगळं सलाईनमधून. बाटलीतलं पांढरं पिवळं झालं, मग थोडं थोडं, मग बाटली जवळजवळ कोरडी. मग उकडलेलं अन्न सुरू झालं. बाटलीत फरक पडला नाही. बाटलीची नळी काढली आणि आम्ही मामाला घरी आणलं. वर्षभर ज्याला त्याला विचारत फिरलो ते दुखणं असं न कापता, न चिकटवता आटोक्यात आलं.

घरी आल्यावर मामीने स्वयंपाक सोडला. म्हणजे माझ्यापुरता करायची, मामाच्या ताटाला हात लावायची नाही. "तू कर," मला म्हणायची, "मला नाही समजत ते." साय वर येणं बंद झालं. डबा माळ्यावर गेला. दुकान बंद झालं तरी ती खाली पातेली घासत बसायची. आणि मी, जिला धड अंडं उकडता येत नाही, ती मामाला भात आणि भोपळा शिजवून घालायला लागले. मामा निमूट खायचा. पाचव्या दिवशी त्याने ताट थोडं पुढे सरकवलं, शर्ट चढवला आणि जिना उतरून दुकानात गेला. मी मागोमाग गेले.

"माझं जेवण तू करायचंस," तो गल्ल्यासमोर उभा राहून म्हणाला. "ही पोरगी मला उपाशी मारेल."

मामी पातेलं घासत राहिली. "मी खाऊ घालून मारतच होते की."

"त्या दिवशी पाटी वाचून गप्प बसली असतीस, तर ते मला कापून मोकळे झाले असते. आणि गळती तशीच. तू चारलंस म्हणून दिसलं."

"मी चारलं म्हणून साठलं," मामी म्हणाली. "उगाच गोड बोलू नका."

  दोन्ही खरंच आहे, आणि दोन खऱ्या गोष्टी एका डोक्यात मावत नाहीत. मामाने नुसता हात पुढे केला. "चल वर. जिना चढायचाय मला."

आम्ही तिघं चढलो. पहिल्या वळणावर मामा थांबला. मामीने कठडा धरला, मी त्याचा दंड. मामाने भिंतीकडे निरखून बघितलं. "हा निळा," तो म्हणाला, आणि आमचे चेहरे पाहून हसायला लागला. "अगं, रंगच वाईट आहे. खरंच वाईट आहे." त्याला दम लागला होता की हसण्याने धाप लागली, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढचा एक्स-रे दोन आठवड्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानातून आले तर मामी ओट्यापाशी होती. पातेलं तिरकं धरून ती उजेडात बघत होती, रश्शावर कुठे तेलाचा डोळा दिसतो का ते. चमचा नाकाशी नेऊन हुंगला. पुन्हा धुतला. मग मामाला हाक मारली, ताट वाढलं आणि समोर उभी राहिली, हात पुसत.

लग्न झाल्यापासून रोज ती विचारत आली होती, कसं झालंय, आणि तो रोज म्हणत आला होता, छान. खारट असलं तरी छान, करपलं तरी छान. आज तिने विचारलंच नाही. मामाने घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"कसं झालंय, विचार ना," तो म्हणाला.

"कसं झालंय?"

"चव म्हणून नाही."

मामीने त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं, हा आपलं मन राखायला तर बोलत नाही ना, याची खात्री करून घेत असावी तशी. मग हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर जेवायला बसली.

"मग बरोबर झालंय," ती म्हणाली. "जेवा."